पूर्ण कडकपासून चौदा क्लिक

माझ्या मुलीच्या बारशाला पप्पा एसटीने आले.

दौंडहून चौफुला, चौफुल्यावर उन्हात अर्धा तास, तिथून शिरूर, मग स्टँडवरून रिक्षा. कमरेला पट्टा, हातात पिशवी. मणक्याच्या ऑपरेशनला तेव्हा तीन महिने होत आले होते. आदल्या रात्री मी फोन केला होता, सकाळी लवकर निघून तुम्हाला घ्यायला येतो म्हणून. "कशाला? तू तिकडचं बघ. मी येतो की," म्हणाले. आई आठवडाभर आधीपासून आमच्याकडेच होती. मला वाटलं, बारशाच्या गडबडीत मला हेलपाटा नको म्हणून म्हणत असतील.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर उरलेल्या घुगऱ्या डब्यात भरता भरता बायको म्हणाली, "तुझ्या गाडीत त्यांची कंबर भरून येते. आईंना म्हणाले. तुला सांगू नका असंही म्हणाले."

खाली पार्किंगमध्ये ती गाडी उभी होती. तिच्या चार शॉकअपवर मी दीड महिन्याचा पगार घातला होता.

*

गाडी २०१२ची फियाट पुंटो. सेकंडहँड घेतली, पण माझ्या दृष्टीने ती गाववालीच. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत, महागणपतीच्या देवळापासून जवळच, फियाट आणि टाटांचा एकत्रित कारखाना आहे. २००९मध्ये बाजारात आलेली पुंटो तिथेच बनायची. तिचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिनही तिथलंच. बायकोची नोकरी शिरूरच्या शाळेत, माझं ऑफिस खराडीला, त्यामुळे आठवड्यातून तीनदा नगर रोडवर मी त्या कारखान्यावरून जातो. गाडी तिच्या माहेरावरून चालली आहे असा पाणचट विनोद मी आजवर बऱ्याच जणांना ऐकवला आहे.

पप्पांचं आणि फियाटचं नातं माझ्याआधीचं. ते रेल्वेत कॅरेज अँड वॅगनला टेक्निशियन. आधी दौंडला, मग घोरपडीच्या डेपोत. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. तुम्ही ज्या लाल-करड्या एलएचबी डब्यांतून प्रवास करता, त्यांच्या खालच्या बोगीला रेल्वेतले लोक 'फियाट बोगी'च म्हणतात, कारण तिचा मूळ आराखडा फियाट-सिगचा आहे. मी गाडी घेतल्यावर पप्पा एवढंच म्हणाले होते, "फियाटचं काम मी निम्मी नोकरी केलं. आता तू कर."

मी केलं. यूट्यूब बघून केलं.

*

शॉकअप गाडीचं वजन उचलतो असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. वजन उचलते ती स्प्रिंग. शॉकअप काढून टाकला तरी गाडी उभी राहील, पण एका खड्ड्यानंतर पुढच्या चौकापर्यंत डोलत जाईल. स्प्रिंगने घेतलेला धक्का ती परत देते, पुन्हा घेते, पुन्हा देते. हे देणं-घेणं कुठेतरी थांबवावं लागतं. ते काम शॉकअपचं. म्हणजे धक्का शोषण्यापेक्षा धक्का संपवणं.

ते कसं होतं हे रंगपंचमीला पिचकारी हातात घेतलेल्या कोणालाही माहीत आहे. दट्ट्या हळू दाबला तर पाणी आरामात जातं. जोरात दाबला तर पिचकारी विरोध करते. भोक जितकं लहान, तितका विरोध जास्त. शॉकअपमध्ये पाण्याऐवजी तेल आणि दट्ट्याला बारीक भोकं. त्या भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत असते. ती दाबानुसार वाकते आणि तेलाला वाट देते. हलण्यातली ताकद तेलात जाते आणि तेल गरम होतं. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, कळेल.

मी बसवले ते ॲडजस्टेबल. वरच्या टोकाला छोटी फिरकी. ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की आत एक सुई तेलाची वाट चिंचोळी करते आणि शॉकअप कडक होतो. उलट फिरवली की मऊ. प्रत्येक टप्प्याला 'टिक' असा क्लिक. माझ्या शॉकअपला वीस क्लिक आहेत. मोजायचं नेहमी पूर्ण कडकपासून: फिरकी अलगद शेवटपर्यंत घट्ट करायची, जोर लावायचा नाही, आणि तिथून मागे येत मोजायचं. मऊ टोकाकडून मोजलं तर हिशोब चुकतो, कारण तिकडचा शेवट नेमका कुठे हे दरवेळी सारखं लागत नाही.

आता वीस क्लिक मिळालेला पंचविशीतला पोरगा काय करेल? मी चारही शॉकअप पूर्ण कडकपासून दोन क्लिकवर ठेवले. वळणावर गाडी झुकेना. ब्रेक मारला की नाक खाली जाईना. ऑफिसमधला मित्र एकदा शेजारी बसला आणि म्हणाला, "जर्मन वाटते राव." त्या वाक्यावर मी सहा महिने काढले.

मग पप्पांच्या कमरेतली गादी सरकली. पुण्यात ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, हिसके टाळा. मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पाठीमागे उशी दिली आणि सोलापूर रोडने दौंडला आणलं. पूर्ण रस्ताभर त्यांनी वरचं हँडल धरून ठेवलं होतं. मी दोनदा विचारलं, "त्रास होतोय का?" दोन्ही वेळा म्हणाले, "चाललंय." फिरकीचा विचार माझ्या मनात आला नाही. गाडी स्थिर होती. माझ्या डोक्यात स्थिर म्हणजेच आरामशीर.

*

बारशानंतर मी ते केलं जे माझ्या धंद्यातला माणूस करतो. मोजायला घेतलं. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतोच. तो पट्ट्याने सीटवर घट्ट बांधला आणि शिरूर ते न्हावरा, न्हावऱ्याहून भीमेचा पूल, पारगाव, चौफुला असा जाऊन आलो. उसाच्या हंगामात हा रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दाबलेला असतो, डांबराला लांबट लाटा पडतात. गावागावांत गतिरोधक आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे उशीसारखा असावा. आमच्याकडचे काही उशीसारखे, काही उंबऱ्यासारखे. आणि काही ठिकाणी सलग पाच-सहा बारीक पट्ट्या.

घरी येऊन सरासरी काढली. आकडा चांगला होता. लाटा पटकन मरत होत्या. मी बायकोला आलेख दाखवला. ती म्हणाली, "बरं. मग त्यांना आकडा दाखव."

दाखवला. पुढच्या शनिवारी दौंडला गेलो तेव्हा पप्पांसमोर लॅपटॉप उघडला. त्यांनी चष्मा लावला, सरासरीकडे बघितलंच नाही. सलग पट्ट्यांच्या जागी बोट ठेवलं. "हे काय आहे?"

मी झूम केलं. पाच पट्ट्या, पाच टोकं. पहिलं टोक छोटं, दुसरं थोडं मोठं, तिसरं आणखी, पाचवं पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. पट्ट्या सगळ्या सारख्याच होत्या.

"तुझी गाडी बसते ती उठत नाही," पप्पा म्हणाले. "पहिल्या पट्टीवर चाक वर गेलं. खाली यायला वेळ पाहिजे ना त्याला. तू तेल इतकं आवळलंय की ते खाली येईपर्यंत दुसरी पट्टी आली. मग तिसरी. प्रत्येक पट्टीला गाडी थोडी थोडी बसत जाते. शेवटी स्प्रिंग उरतच नाही, रबरावर आदळते. तो शेवटचा दणका माझ्या कमरेत येतो."

तीन महिने ज्याचं उत्तर मी 'चाललंय' असं ऐकून घेतलं होतं, ते त्यांनी एका मिनिटात सांगितलं. मी विचारलं, आधी का नाही बोललात? ते म्हणाले, "तू हौसेने केलं होतंस."

नंतर मी वाचत गेलो तसं त्यांचं म्हणणं आकड्यांतही सापडलं. गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा डोलतं. चाक दहा-पंधरा वेळा थरथरतं. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेने सगळ्यात जास्त त्रास देणारा पट्टा या दोन्हींच्या मधला, चार ते आठचा. शॉकअप कडक केला की डोलणं कमी होतं, थरथर कमी होते, पण मधल्या पट्ट्यातलं हलणं उलट जास्त वर पोचतं. माझी सरासरी डोलणं मोजत होती. पप्पांचा मणका मधलं मोजत होता.

एसटीचं कोडंही सुटलं. "दोन चाकांच्या मधली सीट धरायची," ते म्हणाले. "डब्यातसुद्धा बोगीवरच्या बर्थपेक्षा मधला बर्थ बरा. एवढं रेल्वेतल्या माणसाला शिकवायला लागत नाही."

*

पुढच्या रविवारी आम्ही गाडी उघडली. म्हणजे मी उघडली. त्यांना वाकायला मनाई, म्हणून ते क्वार्टरमधून आणलेल्या जुन्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, हातात बॅटरी. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅक, खाली घोड्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मागची दोन्ही चाकं निघाली. डावा शॉकअप धुळीने माखलेला, पण कोरडा. उजव्यावरची धूळ काळी आणि चिकट.

"पूस," पप्पा म्हणाले. पुसला. "आता दांड्यावरून नख फिरव."

मी रबरी टोपण वर सारलं आणि चकचकीत दांड्यावर वरून खाली नख फिरवलं. वरच्या भागात एका जागी अडकलं. डोळ्यांना जेमतेम दिसणारे दोन-तीन ओरखडे.

ते कुठून आले हे मला लगेच कळलं. बसवताना वरचा नट आवळत होतो, तेव्हा दांडाही नटाबरोबर फिरत होता. दांड्याच्या टोकाला पाना लावून तो धरायची सोय असते. माझ्याकडे त्या मापाचा पाना नव्हता. मी लॉकिंग पक्कड लावली होती. दांड्यावरचा क्रोमचा थर आरशासारखा गुळगुळीत असतो, कारण तो हजारो वेळा रबरी सीलमधून ये-जा करतो. ओरखडा असला की प्रत्येक फेरीत तो सील कापत राहतो. थोडं तेल बाहेर, थोडी धूळ आत. सहा महिन्यांत माझ्याच पकडीने माझा शॉकअप रिकामा होत आला होता.

काढलेला शॉकअप उभा धरून दाबला, ओढला. डावा सगळीकडे सारखा जड. उजवा मधेच पोकळ. दिशा बदलताना बोटभर अंतर विरोधच नाही. म्हणजे मागचं एक चाक दोन क्लिकवर आवळलेलं आणि दुसरं जवळपास मोकळं. न्हावऱ्याच्या पुढे एका वळणावर ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या पाल्यावरून गाडीची मागची बाजू एकदा सरकली होती. तेव्हा मी पाल्याला दोष दिला होता. त्या दिवशी मागच्या सीटवर आई होती.

पप्पा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी डॅशपॉटचं सांगितलं. जुन्या आयसीएफ डब्यांच्या बोगीत चाकाच्या पेटीजवळ स्प्रिंगच्या आत तेलाचे डॅशपॉट असतात. त्यातलं तेल गळलं तर डब्यात बसलेल्याला कदाचित कळणारही नाही, म्हणून ते तपासायला माणूस ठेवलेला असतो. गाडी स्टेशनात शिरताना हे लोक रुळाशेजारी उभे राहून प्रत्येक चाक बघतात, ऐकतात. त्याला रोलिंग-इन म्हणतात. लहानपणी रात्रपाळीवरून आलेले पप्पा मला आठवतात, पण ते नेमकं काय ऐकत उभे असायचे, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

*

शॉकअप भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये दिला. नवा दांडा, नवं सील, नवं तेल, नायट्रोजन. परत बसवताना तीन गोष्टी नव्याने शिकलो, त्या तुमच्याही उपयोगाच्या आहेत.

एक, दुहेरी नळीचा शॉकअप आडवा पडून राहिला की आतली हवा नको तिथे जाते. बसवण्याआधी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा. दोन, खालच्या रबरी बुशचा बोल्ट गाडी घोडीवर असताना शेवटचा आवळायचा नाही. चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन आलं की मगच. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी आधी ते लटकत्या स्थितीत आवळले होते. तीन, एका चाकाचा शॉकअप बदलला तरी त्याच्या जोडीचा तपासायचा. पुढचे स्ट्रट काढले तर व्हील अलाइनमेंट करायचीच. पुढच्या स्ट्रटवरची दाबलेली स्प्रिंग मात्र घरी सोडवू नका. ती सुटली तर माणूस जायबंदी होतो. ते काम गॅरेजचं.

आणखी एक. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. मी गाडीची उंची बदललेली नाही. पण काहीही बदलण्याआधी आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे विचारा.

मग सेटिंग. आता मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची ठरवलं. कोडमध्ये एकदम चार बदल करून चूक शोधणाऱ्याला मी ऑफिसात हसतो, आणि गाडीत तेच केलं होतं. आधी टायरची हवा, थंड असताना. मग चारही शॉकअप मधोमध, दहावर. तोच रस्ता, तोच वेग, पुढे पप्पांच्या वजनाइतकी तांदळाची पोती. मागचे दोन क्लिक मऊ, पुन्हा तोच रस्ता. पुढचे दोन क्लिक मऊ, पुन्हा. सोळाला गाडी लाटांवर होडीसारखी डुलायला लागली, पोटात ढवळलं. शेवटी पुढे बारा, मागे चौदा. मागे दोन माणसं आणि सामान असेल तर मागचे बारा.

आलेखात पाच पट्ट्यांची पाच टोकं आता जवळपास सारखी होती. पण सगळंच सुटलं नव्हतं. उंबऱ्यासारख्या गतिरोधकावर दणका बसतच होता. कारण क्लिकने बदलते ती सुईची छोटी वाट, संथ हालचालीसाठीची. खड्ड्यात दट्ट्या इतका जोरात जातो की तिथे त्या चकत्यांची चळतच ठरवते, आणि ती बाहेरून फिरवता येत नाही. रांजणगावात २०१७पासून बनणाऱ्या जीप कंपासमध्ये यासाठी वेगळा व्हॉल्व्ह दिला होता, जो संथ आणि जलद हलणं ओळखून तेलाची वाट बदलतो. तसं काही माझ्या गाडीत होईल का, हे मी पप्पांना अगदी तपशीलवार समजावत होतो.

ते म्हणाले, "शॉकअपच्या आधी ब्रेक असतो."

*

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. पप्पांना अजूनही पुण्याला जायचं असेल तर ते रेल्वेनेच जातात, त्यात माझ्या गाडीचा काही अपमान नाही. पण शिरूरला रेल्वे नाही. नातीला बघावंसं वाटलं की फोन येतो, "शनिवारी निघणार आहेस का?" पुढच्या सीटवर बसतात. हँडल धरतात की नाही, हे मी हळूच बघतो. कधी धरतात, कधी नाही. कंबर अजून पूर्ण बरी नाही, आणि ती शॉकअपने बरी होणारही नाही.

खरं सांगायचं तर एकटा असताना दोनदा मी फिरकी पुन्हा दोनवर नेली. मजा येते, खोटं कशाला बोलू? पण दौंडला निघताना परत चौदा मोजावे लागतात, आणि मोजताना दरवेळी ती पक्कड आठवते. आता मोजतच नाही, तिथेच ठेवतो.

दर तीन महिन्यांनी, आणि उसाचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा, चाकं काढून तपासणी होते. दांडा पुसायचा, नख फिरवायचं. फाटलेलं टोपण, चुरा झालेलं रबर बघायचं. टायरवरून तळवा फिरवायचा, कारण शॉकअप गेला की टायर एकसारखा न झिजता उंचसखल झिजतो. फिरकी चिखलाने धरू नये म्हणून एकदा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून जागेवर आणायची. याची एक वही आहे. सुरुवातीची पानं माझी, त्यात आकडे आणि बाण. मागच्या तपासणीचं पान पप्पांनी लिहिलं आहे, रेल्वेच्या रजिस्टरसारखं, तारीख टाकून:

पुढे डावा कोरडा. पुढे उजवा कोरडा. मागे डावा कोरडा. मागे उजवा कोरडा, लक्ष ठेवणे. आवाज नाही. गाडी चालवण्यास योग्य.

खाली सही.